दिवा डीपीएफचा, दुखणे इंजिनाचे

माझ्या डिझेल गाडीच्या डॅशबोर्डवर डीपीएफचा, म्हणजे एक्झॉस्टमधील काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागला, त्यापाठोपाठ इंजिनाचाही दिवा लागला आणि गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या बचावासाठी ताकद आपोआप कमी करणाऱ्या स्थितीत, गेली, तेव्हा मी ती सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. तेथे स्कॅनर लावून पी २४६३ हा कोड काढण्यात आला, 'फिल्टर चोक झाला आहे, बदलावा लागेल' असे सांगण्यात आले आणि नव्या फिल्टरचे अंदाजपत्रक माझ्या हाती ठेवण्यात आले. एका कोडच्या आधारे दिलेला हा निकाल मला पटला नाही. पी २४६३ हा कोड फिल्टरमधील काजळीचा भार ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला आहे एवढेच सांगतो. ती काजळी का साचली, याविषयी तो काहीही सांगत नाही. त्या कारणाचा पत्ता लागेपर्यंत फिल्टरला हात लावू द्यायचा नाही असे मी ठरवले आणि डिझेल इंजिनांवर अनेक वर्षे काम केलेल्या एका मेकॅनिककडे गाडी घेऊन गेले. त्यांनी मला तपासणीच्या वेळी शेजारी उभे राहू दिले, त्यामुळे पुढे जे घडले ते मी स्वतः पाहिले आहे आणि त्यातील आकडे माझ्या वहीत आहेत.

शंका येण्याला कारणेही होती. फिल्टरमधील काजळी जाळण्याची क्रिया, म्हणजे रिजनरेशन, चालू असताना गाडी काही खुणा दाखवते: आयडलिंगचा आरपीएम नेहमीपेक्षा थोडा चढलेला राहतो, डॅशबोर्डवरचे त्या क्षणाचे ॲव्हरेज घसरते, गाडी बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा बराच वेळ फिरत राहतो आणि गाडीखालून तापलेल्या धातूचा वास येतो. या खुणा पूर्वी क्वचित दिसत असत. अलीकडे मात्र त्या इतक्या वरचेवर दिसू लागल्या होत्या की एक रिजनरेशन संपते न संपते तोच दुसरे सुरू होत असावे असे वाटे. शिवाय इंजिन ऑइलची पातळी डिपस्टिकवरच्या वरच्या खुणेच्या पुढे गेली होती. ऑइल हळूहळू कमी होणे समजण्यासारखे आहे, पण वर न ओतता ते वाढते, तेव्हा त्यात दुसरे काहीतरी मिसळत असते. मेकॅनिकनी डिपस्टिक बाहेर काढून नाकाशी धरली आणि म्हणाले, "ताई, ऑइलमध्ये डिझेल उतरलंय. गाडी वारंवार फिल्टर जाळतेय. आता ती का जाळतेय ते बघू."

हे नीट कळण्यासाठी फिल्टरचे काम कसे चालते ते सांगणे आवश्यक आहे. डीपीएफच्या आत मधाच्या पोळ्यासारख्या बारीक नळ्यांचा सिरॅमिकचा ठोकळा असतो. तो बहुधा सिलिकॉन कार्बाइडचा किंवा कॉर्डिएराइटचा बनवलेला असतो. शेजारशेजारच्या नळ्यांपैकी एकीचे पुढचे तोंड बंद असते, तर दुसरीचे मागचे. त्यामुळे एक्झॉस्टच्या वायूला एका नळीतून दुसरीत जाण्यासाठी मधल्या सच्छिद्र भिंतीतून वाट काढावी लागते आणि काजळीचे कण त्या भिंतीवर अडकतात. ही काजळी दोन प्रकारे जळते. गाडी मोठ्या रस्त्यावर सलग वेगात असेल आणि एक्झॉस्ट सुमारे २५० ते ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असेल, तर नायट्रोजन डायऑक्साइडच्या साहाय्याने ती आपोआप, हळूहळू जळत राहते. तेवढ्याने भागले नाही तर इंजिनाचा संगणक ज्वलनाचा मुख्य टप्पा उलटून गेल्यावर सिलिंडरमध्ये थोडे जास्तीचे डिझेल फवारतो. ते डिझेल फिल्टरच्या आधीच्या ऑक्सिडेशन कॅटॅलिस्टवर जळते आणि फिल्टरमधले तापमान ६०० अंशांच्या आसपास चढते. या उशिरा फवारलेल्या डिझेलचा काही अंश सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतो. वाढलेल्या ऑइलचा उगम हाच. सन २००० मध्ये प्यूजो ६०७ या मोटारीत असा फिल्टर कारखान्यातूनच बसवून आला, तेव्हा डिझेलमध्ये सिरियमयुक्त द्रव मिसळून काजळी सुमारे ४५० अंशांनाच जळेल अशी सोय केलेली होती. माझ्या गाडीत तशी सोय नाही, त्यामुळे तिला दर वेळी तेवढे जास्त तापमान गाठावे लागते.

फिल्टरमध्ये काजळीखेरीज राखही साचते, आणि निदानाच्या दृष्टीने हा भेद सर्वांत महत्त्वाचा आहे. काजळी जळून जाते. राख मात्र इंजिन ऑइलमधील कॅल्शियम, जस्त यांसारख्या धातूंच्या संयुगांपासून तयार होते आणि ती कितीही तापवली तरी जळत नाही. फिल्टर राखेने भरला असेल तर तो काढून स्वच्छ करणे किंवा बदलणे एवढाच मार्ग उरतो. काजळीने भरला असेल तर फिल्टर बहुधा निर्दोष असतो आणि शोध दुसरीकडे घ्यावा लागतो. माझ्या हातात दिलेल्या अंदाजपत्रकात हा भेद केलेलाच नव्हता.

मेकॅनिकनी आधी सेन्सरवर विश्वास ठेवता येतो का ते तपासले. फिल्टर किती भरला आहे हे संगणक थेट पाहू शकत नाही. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब यांतील फरकावरून तो अंदाज करतो आणि हा फरक मोजणाऱ्या सेन्सरला दोन बारीक नळ्या जोडलेल्या असतात. एखादी नळी चिरली, सुटली, उष्णतेने वितळली किंवा तिच्यात काजळी अडकली, तर चांगला फिल्टरही भरलेला दिसतो आणि कधी भरलेला फिल्टर रिकामा दिसतो. चावी चालू, इंजिन बंद अशा स्थितीत स्कॅनरवर दाबाचा फरक शून्य दिसला पाहिजे. तो शून्य होता. दोन्ही नळ्या सेन्सरच्या बाजूने सोडवून, बोटांनी दाबत त्यांची संपूर्ण लांबी तपासली, वाकवून चिरा पाहिल्या आणि त्या मोकळ्या असल्याची खात्री करून घेतली. मग इंजिन गरम करून दाब पाहिला: आयडलिंगला १८ मिलिबार आणि उभ्या गाडीत ३००० आरपीएमला सुमारे १४०. आरपीएम वाढवताना आकडा न अडखळता चढत होता आणि ॲक्सिलरेटर सोडताच खाली येत होता, म्हणजे सेन्सर ठीक होता आणि फिल्टरमध्ये खरोखरच अडथळा होता.

नंतर त्यांनी स्कॅनरवर काजळीचे दोन आकडे शेजारीशेजारी लावले आणि माझ्या मते संपूर्ण तपासणीत सर्वांत उपयोगाची गोष्ट हीच होती. पहिला आकडा असतो हिशेबाने काढलेल्या काजळीचा: गाडी किती चालली, कोणत्या भारावर चालली, किती डिझेल जळले यावरून धडधाकट इंजिनाने किती काजळी निर्माण केली असती, याचे ते गणित असते. दुसरा आकडा दाबाच्या फरकावरून मोजलेल्या काजळीचा असतो. माझ्या गाडीत हिशेबाचा आकडा २२ ग्रॅम होता, तर मोजलेला ३१ ग्रॅम. मोजलेला आकडा हिशेबापेक्षा इतका पुढे जातो तेव्हा दोन शक्यता उरतात. एक तर फिल्टरमध्ये राख साचून त्याची जागाच कमी झालेली असते, किंवा इंजिन गणितात धरलेल्यापेक्षा जास्त काजळी सोडत असते.

रिजनरेशनचा इतिहासही त्याच स्कॅनरवर होता. डीपीएफची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते: 'तुम्ही गाडी जवळच्या जवळ फिरवता, तिला जरा लांब पळवा.' हे कारण खरे असू शकते, कारण दहा-पंधरा मिनिटांच्या प्रवासात इंजिन पुरेसे तापत नाही आणि सुरू झालेले रिजनरेशन चावी बंद केल्याने अर्धवट राहते. पण ते तपासून पाहता येते आणि न तपासता गाडी चालवणाऱ्याच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. माझ्या गाडीच्या नोंदींमध्ये शेवटची काही रिजनरेशन अर्धवट राहिलेली होती, परंतु त्याआधीची बहुतेक पूर्ण झालेली होती. मात्र दोन रिजनरेशनमधील अंतर हळूहळू आक्रसत गेले होते. पूर्वी ते पाचशे किलोमीटरच्या घरात होते, शेवटी दीडशेच्याही खाली आले होते. गाडी काजळी जाळत होती, पण जाळल्यानंतर ती लगेच पुन्हा भरत होती. इतक्या वेळा जाळावे लागल्यावर त्यांपैकी काही प्रयत्न अर्धवट राहणे साहजिकच होते.

जाळण्याच्या यंत्रणेत दोष नाही याची खात्री तरीही करून घेतली. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत, इंजिन सुरू करण्यापूर्वी, एक्झॉस्टच्या तापमानाचे सर्व सेन्सर एकमेकांच्या जवळचे आणि बाहेरच्या हवेच्या तापमानाशी जुळणारे आकडे दाखवतात का, ते पाहिले. ते जुळले. कूलंटचे तापमान वाटेत ८८ ते ९० अंशांवर स्थिर राहत होते, म्हणजे थर्मोस्टॅट उघडा अडकलेला नव्हता. तो तसा अडकला तर इंजिन कधीच पूर्ण तापत नाही आणि संगणक रिजनरेशनला परवानगीच देत नाही. टाकीत डिझेल पुरेसे होते आणि रिजनरेशन रोखून धरणारा दुसरा कोणताही कोड नव्हता.

राख की काजळी हा प्रश्न सोडवण्यासाठी स्कॅनरवरून सर्व्हिस रिजनरेशन करायचे ठरले, पण त्याआधी मेकॅनिकनी इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलले. डिझेल मिसळून पातळ झालेल्या ऑइलवर हे काम करायला त्यांनी स्पष्ट नकार दिला. पातळ ऑइलमुळे टर्बोचे, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणाऱ्या यंत्राचे, बेअरिंग आणि इंजिनाचे इतर भाग झिजतात. शिवाय पातळी फार वाढली तर ते ऑइल हवेच्या मार्गाने सिलिंडरमध्ये ओढले जाऊन इंजिन स्वतःच्याच ऑइलवर बेफाम पळू लागण्याचा धोका असतो. काजळीचा भार निर्मात्याने ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत आहे, हेही त्यांनी आधी पाहिले. फार भरलेल्या फिल्टरमध्ये काजळी एकदम पेटली तर सिरॅमिकला तडे जातात, आणि मग वाचवण्यासारखे काही उरत नाही.

गाडी उघड्यावर, वाळलेले गवत किंवा पालापाचोळा नाही अशा फरशीवर उभी केली आणि स्कॅनरवरून आज्ञा दिली. आरपीएम आपोआप चढला, फिल्टरच्या आधीचे तापमान हळूहळू ६०० अंशांपर्यंत गेले आणि सुमारे अर्धा तास मोजलेल्या काजळीचा आकडा ग्रॅमाग्रॅमाने उतरत राहिला. सायलेन्सरजवळ उभे राहवत नव्हते एवढी आच होती. सगळे निवल्यावर पुन्हा मोजणी केली: आयडलिंगला ४ मिलिबार, ३००० आरपीएमला ४५. मोजलेल्या काजळीचा आकडा हिशेबाच्या आकड्याला येऊन मिळाला होता. फिल्टर राखेने भरलेला असता तर काजळी जळून गेल्यावरही दाब चढाच राहिला असता. सायलेन्सरच्या टोकाच्या आत पांढरे फडके फिरवून पाहिले, तर त्यावर काळा थर आला नाही. म्हणजे सिरॅमिकला तडाही गेलेला नव्हता. जो फिल्टर बदलायला सांगितला होता तो चांगला होता.

येथे थांबणारे पुष्कळजण असतात. दिवा विझला, कोड पुसला, गाडी परत दिली. तसे केले असते तर दीडशे किलोमीटरनंतर मी पुन्हा त्याच ठिकाणी आले असते, कारण इंजिन जास्त काजळी का सोडते आहे हा प्रश्न शिल्लकच होता. पूर्वीच्या, फिल्टर नसलेल्या डिझेल गाड्यांत असा दोष लपत नसे. चढावर मागून काळा धूर निघे आणि मागच्या गाडीवाल्यालाही इंजिनाची अवस्था कळे. आता तो सगळा धूर फिल्टर गिळतो. मागून काहीच दिसत नाही, आणि इंजिनाच्या दुखण्याची पहिली तक्रार फिल्टरच्या नावाने नोंदली जाते. म्हणून डीपीएफचा दिवा हा बहुतेक वेळा इंजिनाविषयीचा निरोप आहे, असेच मी आता मानते.

जास्त काजळी म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त, किंवा डिझेलच्या मानाने हवा कमी. इंजेक्टरचे सुधारणांक, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला दिल्या जाणाऱ्या डिझेलमध्ये संगणक करत असलेले फेरफार, पाहिले. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ आणि मर्यादेत होते. एक्झॉस्टचा काही वायू पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हला संगणक जेवढा उघडायला सांगे तेवढाच तो उघडत होता आणि बंद करायला सांगितल्यावर पूर्ण बंद होत होता. मग मेकॅनिकनी मला गाडी चालवायला सांगितले आणि स्वतः शेजारी स्कॅनर घेऊन बसले. चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर टर्बोचा अपेक्षित दाब आणि प्रत्यक्ष दाब यांच्या रेषा त्यांनी पडद्यावर लावल्या. अपेक्षित दाब २२०० मिलिबार होता, प्रत्यक्ष दाब १८५० च्या पुढे जात नव्हता. हे आकडे बाहेरच्या हवेचा दाब धरून आहेत. टर्बोच्या पात्यांना दिलेली आज्ञा जवळजवळ शेवटच्या टोकाला पोहोचली होती. कमी पडणारी हवा भरून काढण्यासाठी टर्बो जिवापाड राबत होता, आणि ही तूट रोजच्या वाहतुकीत क्षणभरच पडत असल्यामुळे त्याबद्दलचा कोड नोंदला गेलेला नव्हता. हवेच्या वस्तुमानाचा सेन्सर मात्र नेहमीपेक्षा जास्त हवा आत येत असल्याचे दाखवत होता.

हे दोन आकडे एकत्र पाहिले की उत्तर जवळ येते. हवा मोजली जाते टर्बोच्या आधी. ती इंजिनात पोहोचते टर्बो, दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर आणि त्यांना जोडणारे होज, म्हणजे लवचिक नळ्या, ओलांडून. मोजलेली हवा जास्त आणि पोहोचलेला दाब कमी, याचा अर्थ मधेच कोठेतरी हवा बाहेर पडत आहे. संगणकाला ते कळत नाही. तो मोजलेल्या हवेच्या हिशेबाने डिझेल देतो, त्यातली काही हवा वाटेतच निसटलेली असते आणि उरलेल्या हवेत ते डिझेल नीट जळत नाही. त्याची काजळी होते.

वरून पाहिल्यावर सर्व होज धडधाकट दिसत होते. धुराच्या यंत्राने हवेच्या मार्गात धूर भरला तरी तो कोठून बाहेर येईना, कारण त्या यंत्राचा दाब फारच कमी असतो. तेव्हा मेकॅनिकनी गाडी वर उचलून खालचे आवरण काढले आणि इंटरकूलरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या होजच्या खालच्या अंगावरून बोट फिरवले. क्लॅम्पच्या कडेलगत ऑइलची दमट, काळी रेघ होती आणि तिच्यावर धूळ चिकटून ती मऊ चिखलासारखी झाली होती. टर्बोतून येणाऱ्या हवेत ऑइलचा थोडा अंश असतोच. हवा जेथून निसटते तेथे तो बाहेर सांडतो. फडक्याने पुसल्यावरही तेथे काही दिसले नाही. त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी होज मागे दाबला तेव्हा क्लॅम्पच्या कडेने बोटाच्या पेराएवढी चीर ओठ उघडावेत तशी उघडली, आणि हात काढताच पुन्हा मिटली. आयडलिंगला ती बंद राहत असणार. भार पडून आतला दाब वाढला आणि इंजिन आपल्या माउंटिंगवर हलले की ती उघडत असणार. 'ही बघा तुमच्या फिल्टरची काजळी,' ते एवढेच म्हणाले.

होज आणि दोन्ही क्लॅम्प नवीन घातले. त्यानंतरच्या चाचणीत त्याच चढावर अपेक्षित आणि प्रत्यक्ष दाबाच्या रेषा एकमेकींवर बसल्या. ऑइल आधीच बदलले होते. ते निवडताना ते कमी राख निर्माण करणारे, एसीईए या युरोपीय मोटार उत्पादकांच्या संघटनेच्या सी वर्गातले आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मानकाचे आहे, हे डब्यावर वाचून खात्री केली होती. एका गोष्टीला मेकॅनिकनी ठाम नकार दिला: फिल्टर न बदलता संगणकाला 'नवा फिल्टर बसवला' असे सांगून सगळे आकडे शून्यावर आणणे. त्यामुळे दिवा विझतो, पण साचलेल्या राखेचा हिशेब पुसला जातो आणि पुढे संगणक त्या चुकीच्या आधारावर निर्णय घेतो. फिल्टर पोकळ करून टाकण्याचा सल्लाही मला दरम्यान एकाने दिला होता. फुप्फुसात खोलवर जाणारे कण अडवण्यासाठी ही सगळी यंत्रणा उभी केलेली असताना ती काढून टाकणे मला मान्य नाही, आणि तसे केल्याने होजची चीर बुजली नसती हेही तितकेच खरे आहे.

दुरुस्तीनंतर रिजनरेशनमधील अंतर पुन्हा पाचशे किलोमीटरच्या आसपास स्थिरावले आहे. ऑइलची पातळी डिपस्टिकवर जेथे होती तेथेच आहे, ॲव्हरेज सुधारले आहे आणि चढावर गाडीचा पिकअप परत आला आहे. तो हळूहळू गेला असल्यामुळे गेलेला जाणवलाच नव्हता. गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा एक साधा ओबीडी ॲडॅप्टर घेऊन मी आता अधूनमधून स्वतः आकडे पाहते: चावी चालू असतानाचा शून्य, आयडलिंगचा दाब, मोजलेली आणि हिशेबाची काजळी, मागील रिजनरेशनपासूनचे अंतर. राखेचा आकडा वहीत वेगळ्या रकान्यात लिहिते, कारण तो कमी होणारा नाही आणि फिल्टर उतरवून स्वच्छ करण्याची वेळ केव्हा आली, ते त्या रकान्यावरूनच ठरवायचे आहे.